इंजिन उघडलं तेव्हा

१२ नोव्हेंबर १९६१, नेर

चौथा महिना लागला. आधीचे दोन्ही तिसऱ्यातच गेले, म्हणून आजवर इथेसुद्धा लिहिलं नव्हतं. दुसरीच्या पोटावर हात ठेवून छातीठोक सांगणारी मी, स्वतःच्या बाबतीत शकुन पाहत बसते. नागपूरच्या मेडिकल कॉलेजातल्या मैत्रिणी हसतील.

सदाशिवरावांना सांगितलं तेव्हा ते नुकतेच जिनिंग फॅक्टरीतून आले होते. मॅनेजर असले तरी मोसमात तेही मजुरांसारखेच दिसतात. मिशांवर, भुवयांवर कापसाचं पांढरं बसलेलं. उंबऱ्यावरच बसले. मग म्हणाले, "आता ते तांड्या-वाड्यांवर जाणं बंद कर."

मी म्हटलं, बाया अडतात त्या माझी सोय पाहून अडत नाहीत.

"त्या रस्त्यानं बैलाचं पोट हलते, कोकिळा."

मोटारगाडी बाबांनी दिलेली, मी दवाखाना काढला तेव्हाची. जुनी विलायती, पण इमानी. इथे सडक अशी एकच. बाकी सगळी बैलबंडीची चाकोरी. ड्रायव्हर भावसिंग त्या चाकोरीतून गाडी अशी काढतो की मांडीवरचा इंजेक्शनचा डबा वाजत नाही. तो जवळच्याच तांड्यावरचा. त्याचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे, हा मोटार हाकतो. त्याची आई रुपीबाई म्हणते, लमाणाचं पोर एका जागी बसवलं की त्याले गंज चढते.

मी जाणं बंद करणार नाही. हे सदाशिवरावांनाही ठाऊक आहे.

१९ नोव्हेंबर

आज गंमत झाली. ज्या माणसाला गाडीचं दार नीट लावता येत नाही ते सदाशिवराव सकाळी चहाचा कप घेऊन गाडीपाशी उभे. भावसिंगला विचारतात, "हे तेल कोठून टाकता? मंग ते जाते कुठं? आन इंजिन खराब झालं तं गाडी काय करते, जागची हलतच नाही?"

भावसिंगला कुणी विचारणारं भेटलं की तो खुलतो. "इंजिन मोठं गरीब जनावर हाये साहेब. दुखलं तं आधी कण्हते, मंग बसते."

"बसते म्हणजे? आपली उभ्या जागी?"

"हाव. चालूच होत नाई."

मी खिडकीतून ऐकत होते. जे थांबवता येत नाही त्याच्याशी त्यांनी जुळवून घ्यायचं ठरवलं, असं वाटलं आणि एकदम माया आली. जेवताना त्यांच्या पानात जास्तीचं तूप वाढलं.

२७ नोव्हेंबर

काल रविवार. सदाशिवरावांनी भावसिंगला आपण होऊन सुटी दिली. त्याची धाकटी बहीण बिजली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. "जा, बहिणीले भेटून ये," म्हणाले. तो गेल्यावर स्वतः बादली घेऊन गाडी धुवायला बसले! मी दवाखान्यातून आले तर बोटं काळी, आणि साबण लावून लावून हात लालभडक केलेले. मी इतकी हसले की पोटाला धरून बसावं लागलं. ते नाही हसले. दमले असावेत.

आज दोन गावं केली. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी बरी चालली?" मी हो म्हटलं. मी हात धुवून आले तर पुन्हा तेच विचारलं.

३ डिसेंबर

सदाशिवरावांना गाडीचा लळा लागलाय. रोज सकाळी भावसिंग गाडी चालू करेपर्यंत ओट्यावर उभे राहतात, आवाज ऐकतात, मगच जिनिंगला जातात. आज भावसिंग म्हणाला, "बाई, आतून खुळखुळ आवाज येऊन राह्यला. तेलाच्या दाबाचा काटाबी खाली बसते. तेल तं पुरं हाये. एक दिवस यवतमाळले दाखवून आणतो."

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. वाडीवर गोवर पसरलाय, एक दिवससुद्धा गाडी सोडता येत नाही. सदाशिवराव लगेच म्हणाले, "दाखवायची काही गरज नाही. मिस्त्री लोक उगाच खोलून ठेवतात." मग माझ्याकडे वळून, "पण बिघडत असेल तं तू कायले जातेस तिच्यात? राहू दे ना घरी."

गाडीबद्दल आमचं दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं: तूर्त मिस्त्री नको. घरी राहण्याचं मात्र मी ऐकलं नाही.

९ डिसेंबर

बिजली गेली. मूलही गेलं.

११ डिसेंबर

आज लिहून काढते. नाहीतर तेच तेच डोळ्यांपुढे येत राहील.

शनिवारी सकाळी भावसिंग धावतच आला. बिजली आदल्या दिवसापासून कळा देत होती, आणि ती अडलीय हे सुईणीने घरात सांगितलंच नव्हतं. मी गेले. मूल आडवं. एक हात बाहेर आलेला, निळा. इथे माझ्याच्याने होण्यासारखं काही नव्हतं. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन पोट उघडायला हवं होतं. तिला मागच्या सीटवर घेतलं, डोकं रुपीबाईच्या मांडीवर. मी पुढे, उलटी वळून, नाडीवर बोट ठेवून. नाडी चांगली लागत होती. वेळ होता. हे मी पुन्हा लिहिते: वेळ होता.

अर्ध्या वाटेवर, चढ संपता संपता, इंजिनात कुणीतरी घण मारल्यासारखा आवाज झाला. मग आणखी मोठा. बॉनेटखालून धूर निघाला आणि गाडी आपोआप मागे सरकायला लागली. भावसिंगने ब्रेक दाबला. खाली उतरून पाहतो तर इंजिनाच्या कुशीला भोक, आणि त्यातून तुटलेल्या लोखंडाचं टोक बाहेर. सडकेवर काळं तेल.

यष्टी दुपारची. ट्रक एकही नाही. शेवटी कापसाची बंडी आली, यवतमाळच्या बाजाराला निघालेली. बंडीवाला म्हातारा काही न विचारता खाली उतरला. आम्ही बिजलीला कापसावर निजवलं. रुपीबाई एका बाजूला, मी एका बाजूला. बैल बैलाच्याच चालीने चालणार. थोड्या वेळाने बिजलीच्या कळा एकदम थांबल्या. अडलेल्या बाईच्या कळा अशा थांबतात म्हणजे पिशवी आत फाटली, हे मला माहीत आहे. रुपीबाईला वाटलं पोरीला आराम पडला. "झोपली का व माय?" असं तिने विचारलं. खालचा कापूस लाल होत गेला. वरून कळत नव्हतं, बाजूने दिसत होतं.

बिजली बंडीवरच गेली. कापसाच्या बोंडाची एक सुकी पाकळी तिच्या गालाला चिकटली होती. तेवढी मी काढली.

भावसिंग बंडीच्या मागे पळत होता. मी मान हलवली तेव्हा तो थांबला. आणि मी, डॉक्टर कोकिळा, भर सडकेवर त्याच्या आईसमोर त्याला म्हणाले, "तेल पाहिलं होतंस का? निघताना तेल पाहिलं होतंस?"

"पाह्यलं बाई. देवाशपथ. मी तुमाले सांगतलं होतं ना, आवाज..."

"गप्प बस. तुझ्या आळसाने तुझी बहीण गेली."

रुपीबाईने तोंड फिरवून त्याच्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू शकत नाही. ती त्याच्याकडे अशी पाहत होती की जणू हा माणूस कोण हे ती आठवते आहे.

१५ डिसेंबर

गाडी बैल लावून ओढून आणली. परसात लिंबाखाली उभी आहे. भावसिंगला येऊ नको म्हणून निरोप पाठवला. तो तसाही येत नव्हता.

सदाशिवराव जेवत नाहीत. ताटावर बसतात, भात कालवतात, उठतात. मला वाटायचं पुरुषांना बाळंतपणातलं मरण नुसतं ऐकून माहीत असतं. यांना एवढं लागलं, हे पाहून माझंच मन भरून आलं. मी जवळ बसले तर दचकून उठले.

आज अचानक म्हणाले, "भावसिंगची चूक नसेल."

मी चिडले. मग कुणाची? गाडी त्याच्या ताब्यात, तेल त्याच्या ताब्यात.

"नसेल त्याची चूक," एवढंच पुन्हा म्हणाले. यांचा स्वभाव असा. नोकर माणसाला बोल लावायचा म्हटलं की यांची जीभ अडते.

१९ डिसेंबर

सदाशिवराव म्हणतात गाडी भंगारात देऊन टाकू. उद्याच माणूस बोलावतो.

मी नाही म्हटलं. दवाखान्यात माणूस दगावलं तर कशाने दगावलं हे मी पाहते, मग बाकीच्यांना वाचवता येतं. इथे एक बाई गेली ती माझ्या हातून नाही, एका यंत्राने दगा दिला म्हणून गेली. ते का बंद पडलं हे मला कळलं पाहिजे. इंजिन खोलायचं.

"खोलून ती परत येणार आहे का?" त्यांचा आवाज इतका चढलेला मी लग्नापासून ऐकला नव्हता. मग लगेच खाली येऊन, "तुझ्या तब्येतीले हे बरं नाही. पाया पडतो. नको खोलू."

खरंच वाकले. मी मागे सरले. नवऱ्याने पाया पडायचं म्हणजे काय! त्यांना माझी एवढी काळजी आहे, आणि मी हट्टी आहे. पण यवतमाळच्या देवीलाल मिस्त्रीला चिठ्ठी गेली.

२३ डिसेंबर

देवीलाल आला. हत्यारांची लोखंडी पेटी, गालात पान, आणि बोलणं थांबत नाही. गाडीभोवती एक चक्कर मारून त्याने निकालच देऊन टाकला. "बाईसाहेब, पूरा केस समझमध्ये आला. ड्रायव्हरनं ऑइल नाई पाह्यलं. सूखं चालवलं. असे पन्नास इंजिन म्यां पाह्यले. खोलाची जरूरतच नाई."

मी म्हटलं, तरी खोला.

लिंबाखाली पोती अंथरली. बॉनेट काढलं, रेडिएटर काढला, वरचं हेड काढलं. काढलेली प्रत्येक वस्तू मी रॉकेलच्या घमेल्यात धुवून पोत्यावर मांडायला लावली, ज्या जागची त्या जागी. देवीलाल हसला, पण मांडली. दुपारी तो गाडीखाली शिरला, इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं सोडवलं (ही माणसं त्याला चेंबर म्हणतात) आणि खालून म्हणाला, "अरे!"

चेंबरमध्ये तेल होतं. फुटक्या कुशीतून पुष्कळ सडकेवर सांडलं होतं, तरी तळाशी चांगलंच होतं. आणि आतल्या भिंतीवर तेलाची रेघ वरपर्यंत चढलेली. पुरतं भरलेलं असल्याशिवाय ती तिथे येत नाही, हे देवीलालनेच सांगितलं. म्हणजे भावसिंगने तेल भरलं होतं.

मी तिथेच पोत्यावर बसले. "तुझ्या आळसाने तुझी बहीण गेली." हे मी कुणाला म्हणाले?

सदाशिवराव परसाच्या दारात उभे होते. केव्हा आले कळलं नाही. मी ओरडून सांगितलं, "तेल होतं! अहो, तेल होतं!" ते आत निघून गेले.

२६ डिसेंबर

देवीलालला आता चेव आलाय. त्याचा निकाल खोटा ठरला हे त्याला सहन होत नाही. काल म्हणाला पंप मेला असेल. पंप उघडला तर पंप फिरतो, पण आतली चक्रं खरवडलेली, मांजराने नखं मारावीत तशी. मग आज मोठा दांडा, ज्याला क्रँक म्हणतात, तो खाली उतरवला. त्याच्या भोवतीची बेअरिंगं आरशासारखी गुळगुळीत असावी लागतात. ती झिजून कागदाएवढी पातळ झालेली, एक तर पार वितळून गेलेलं. त्याच बेअरिंगवरचा पिस्टनचा रॉड सैल होऊन तुटला आणि कूस फोडून बाहेर आला.

"हे बुढापा नाई, बाईसाहेब," देवीलाल म्हणाला. प्रथमच त्याने आधी पान थुंकलं आणि मग तोंड उघडलं. "बुढापा एका बाजूनं येते. हे सगळीकून खाल्लंय. जसं कोणी आत बसून घासलं."

चेंबरच्या तळाचा गाळ त्याने बोटावर घेऊन दाखवला. काळसर, आणि उन्हात धरला की चमचमणारा. देवीलाल म्हणतो, रस्त्याची धूळ गेली असेल.

मी थोडा गाळ बाटलीत घेतला.

२७ डिसेंबर

गाळ पेट्रोलने धुतला, वाळवला, काचपट्टीवर घेतला, आणि ज्या सूक्ष्मदर्शकाखाली मी रोज थुंकी नि रक्त पाहते त्याखाली ठेवला. शेजारी सडकेवरची धूळ. तिसऱ्या काचेवर नदीची वाळू.

धूळ म्हणजे पिठासारखी. वाळूचे कण गोलसर, पाण्याने घोटलेले. आणि इंजिनातले कण काळे, सगळे सारख्या आकाराचे, एकेकाला फुटक्या काचेसारखी धार. दोन काचपट्ट्यांमध्ये ते घासले तर काचेवर चरे पडले.

देवीलालला बोलावून दाखवलं. त्याला सूक्ष्मदर्शकातून काही दिसेना, मग त्याने चिमूट तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली आणि हात झटकला.

"हा तं कुरुंद व्हय. लोखंडाले धार लावाची दगडी भुकटी. आमी इंजिनाचे व्हॉल्व घासाले वापरतो." देवीलाल गप्प बसला म्हणून मी घाबरले. "बाईसाहेब, हा आपोआप जात नसते. हा कोणी टाकला."

कुणी टाकला. माझ्या गाडीत. का? मी कुणाचं काय वाईट केलं? सुईणीचा धंदा बुडतो म्हणून? तांड्यावरचं भावसिंगचं कुणी वैरी? सगळी माणसं डोळ्यांपुढून गेली, आणि प्रत्येकाच्या घरचं मूल माझ्या हातांनी बाहेर आलेलं.

२८ डिसेंबर

काल संध्याकाळच्या जेवणाला मी सदाशिवरावांना सगळं सांगितलं. ते आज लिहिते.

मी म्हटलं, उद्या सकाळी ठाण्यावर वर्दी देते. हा खून आहे. देवीलाल म्हणतो, कुरुंद असतो तो मिस्त्र्यांकडे नाहीतर जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या यंत्रांच्या चाकूंना धार लावायला. पण फौजदार आधी भावसिंगला धरेल, गाडी त्याच्याच हातात होती. त्याला मार पडेल. पडू दे, पण खरं बाहेर येईल.

ते म्हणाले, "त्याले नका धरू."

"मग कुणाला?"

"मले."

मला वाटलं ते म्हणताहेत, हवं तर त्याच्याऐवजी मला धरा. मी म्हटलं, तुम्ही मध्ये कशाला पडता?

"कोकिळा, मी टाकला. त्या रविवारी. आपल्या जिनिंगच्या फिटरनं एकदा सांगितलं होतं, कुरुंद तेलात गेला की मशीन बसते. मले वाटलं, अंगणातच बसेल. सकाळी चालूच होणार नाही. पाच-सहा महिने गाडी पडून राहील, तोपर्यंत तुझं बाळंतपण होईल." पोळीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच होता. "पण ती चालतच राहिली. रोज ऐकायचो. चालतच राहिली. मंग वाटलं, काही झालंच नाही, देवानं आपलं ऐकलं नाही ते बरंच केलं."

मला त्या क्षणी काय वाटलं? काहीच नाही. मी उठून ताटं उचलली. त्यांचं, माझं. मोरीत ठेवली. परत येऊन पाट भिंतीला लावले. मग मला दिसलं की मी त्यांचा पाट उचलला होता आणि ते जमिनीवर बसले होते, त्याच जागी, तुकडा हातात धरून.

३० डिसेंबर

वर्दी दिली नाही. दवाखाना उघडला नाही. परसात इंजिन पोत्यांवर मांडलेलं आहे, एकेक भाग. देवीलाल विचारून गेला की जोडायचं का. मी म्हटलं, नाही.

मी त्यांच्यावर ओरडले नाही. ओरडता आलं असतं तर बरं. दहा वर्षं एका घरात राहून मी या माणसाच्या हातांवरचं काळं पाहून हसले.

पोटातलं फिरतं. पहिल्यांदाच. याच दिवसात फिरावं त्याने.

२ जानेवारी १९६२

आज त्यांना म्हटलं, तांड्यावर जायचं. सांगायचं. तुम्ही सांगायचं.

"तू सांगशील तिथं सांगतो," म्हणाले. दाढी वाढलेली. जिनिंगला ऐन मोसमात रजा टाकली आहे.

४ जानेवारी

बैलांची दमणी करून गेलो. भर दुपार होती. तांड्याच्या मुखियाच्या, डोंगरसिंग नायकाच्या दारी पाच-सहा माणसं बसली होती. मी भावसिंगबद्दल विचारलं. नायक म्हणाला, "तो गेला बाई. राजूरले. कोळशाच्या खाणीवर."

रुपीबाईला बोलावलं. ती आली. हातापायातले दागिने उतरवलेले. ओढणीच्या काठावरच्या कवड्यासुद्धा उसवून काढलेल्या, दोरे लोंबत होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

सदाशिवराव उभे राहिले. मला वाटलं बोलणार नाहीत. बोलले. काहीच गाळलं नाही. माझे दोन गेले होते हे सांगितलं नाही, माझ्या पोटात आहे हेही नाही. सबब एकही सांगितली नाही. फक्त "बायकोनं फिरू नये म्हणून" एवढंच. "भावसिंगनं तेल भरलं होतं. त्याची काही चूक नव्हती. बिजलीले मी मारलं."

एक तरुण काठी घेऊन उठला. नायकाने त्याचा हात धरून ठेवला.

रुपीबाई रडली नाही. मग ती अगदी हळू म्हणाली, सदाशिवरावांना नाही, मलाही नाही, "जेवत होता तो. म्यां त्याच्या ताटातली भाकर उचलून घेतली. म्हटलं, बहिणीले खाल्लं, आता भाकर कायले खातं? तो उठला. याडी, माय, म्हणूनबी नाई बोलला. तसाच उष्ट्या हातानं गेला."



नायक म्हणाला, हे ठाण्याचं काम आहे, साहेब. सदाशिवरावांनी मान हलवली. तेव्हा रुपीबाई उठली आणि त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. त्यांच्या खांद्याला लागेल एवढी बाई.

"ठाणं मंग. आधी चाल राजूरले. मले सांगतलं ते माझ्या पोराले सांग."

७ जानेवारी

यष्टीने गेलो. यवतमाळला बदलून वणी, वणीहून राजूर. रुपीबाईने फडक्यात भाकरी बांधून घेतली होती, ती तिने वाटेत सोडली नाही.

खाणीवर सकाळची पाळी सुटत होती. सगळी माणसं एकाच रंगाची बाहेर पडत होती. मी भावसिंगला ओळखलं नाही. रुपीबाईने चालीवरून ओळखलं. तो आम्हाला पाहून थांबला आणि माझ्यापुढे हात जोडले. माझ्यापुढे! मी त्याला काय काय बोलले होते, आणि त्याला वाटलं मी अजून काही बोलायला आले आहे.

सदाशिवरावांनी सांगितलं. भोंगा वाजत होता म्हणून पहिलं वाक्य त्याला ऐकू गेलं नाही. ते पुन्हा सांगावं लागलं.

भावसिंगच्या चेहऱ्यावर कोळसा होता, त्यामुळे डोळ्यांखेरीज काही दिसत नव्हतं. तो सदाशिवरावांच्या एक पाऊल जवळ आला. मला वाटलं आता मारेल. मारावं असं मला वाटलं, हेही लिहिते.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी मले एक शबूद काहून नाई सांगतला? 'भावसिंग, बाईले फिरू नोको देऊ.' बस. मी रोज सकाळी म्हटलं असतं, बाई, गाडी बिघडली, चालू होऊन नाई राह्यली. बाईले इंजिनातलं काय समजते? पाच-सहा महिने उभी ठेवली असती." त्याने काळ्या हातानेच तोंड पुसलं. "आन बिजलीची येळ आली असती तं काढली असती. नेलं असतं तिले. येवढंच तं होतं, साहेब. एक शबूद."

सदाशिवरावांच्या हे कधी मनातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. इतके दिवस मी इंजिनाचा एकेक खिळा तपासला, आणि हे साधं मला सुचलं नव्हतं.

रुपीबाई पुढे झाली. तिने भाकर काढली, मोडली आणि त्याच्या काळ्या हातावर ठेवली. तो ती धरून उभा राहिला. खाल्ली नाही, टाकलीही नाही. ती म्हणाली, "खा." तो खाली बसला आणि मग त्याच्या घशातून आवाज निघाला. ती त्याच्या जवळ बसली. आम्ही दोघं तिथे कुणी नव्हतो.

तो परत येणार नाही म्हणाला. रुपीबाई त्याच्यापाशी राहिली.

परतीच्या यष्टीत वणीलाच पुष्कळ जागा झाल्या. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, बसा ना, सीट खाली हायेत." सदाशिवराव दांडीला धरून उभेच राहिले. मी बसा म्हटलं नाही.

यवतमाळ आलं तेव्हा ते माझ्या सीटपाशी आले. "मी इथं उतरतो. ठाण्यावर जातो. तू सरळ नेरची गाडी पकड, अंधार होईल." मी मान हलवली. त्यांनी हात पुढे केला, माझ्या खांद्यापर्यंत आला, आणि परत घेतला.

नेरची यष्टी सुटायला वेळ होता. खिडकीतून ते दिसत होते. स्टँडच्या फाटकापाशी उभे राहून एका टांगेवाल्याला काही विचारत होते. टांगेवाल्याने हाताने डावीकडे दाखवलं, मग पुन्हा उजवीकडे. इतकी वर्षं यवतमाळला येतात-जातात, पण ठाणं कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हतं.